सोसिंगची अर्धी फेरी

सोसिंगच्या पायाचा अंगठा काळा पडला होता, आणि ही बाई त्याला फडकं गुंडाळून फेरीला निघाली. काय म्हणायचं असल्या हट्टाला? दवाखान्यातल्या नर्सनं हात जोडून, थोरल्या बाईला आम्ही नांग म्हणतो तसं म्हणत सांगितलं होतं, "नांग सोसिंग, तुझ्या अंगात साखर आहे. हा पाय रस्त्यावर टाकलास तर पाय जाईल, आणि पायामागोमाग तू." सोसिंगनं सगळं ऐकून घेतलं, नर्सच्या हातात कसावाच्या पापड्यांची पिशवी ठेवली आणि घरी येऊन काठीला तेल चोळत बसली. काठीला! पायाला नव्हे.

आमचं कामिगिन बेट एवढंसं. समुद्र डाव्या खांद्याला... नाही, आमच्या गावाकडून निघालं तर उजव्या खांद्याला धरून चालत राहायचं, की माणूस निघालं तिथंच परत येतं. पवित्र आठवड्यात अख्खं बेट असं चालतं. कुणाला मूल हवं असतं, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटायला हवी असते, कुणाचं माणूस परदेशी अडकलेलं असतं. ह्याला आम्ही पानाद म्हणतो, म्हणजे नवसच. नियम घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. फेरी अर्धी सोडायची नाही. जिवंत माणसासाठी चालणाऱ्यानं वाटेत मढं पाहायचं नाही आणि दफनभूमीत पाय टाकायचा नाही. टाकला, की ज्याच्यासाठी चाललात तो गेला असं तुम्हीच देवाला सांगितलंत. आणि नवस पुरा व्हायच्या आत चालणारं माणूस मेलं, तर नवस त्याच्याबरोबर पुरला जात नाही. घरात जो मागं उरतो त्याच्या मानेवर तो बसतो.

सोसिंगच्या घरात मागं उरणार होती एकटी मेर्ली, तिची सून.

सोसिंगचं खरं नाव कोन्सोर्सिया. नवरा तरुणपणीच दारूपायी गेला. तिनं कसावा किसून, पिळून, वाफवून, पत्र्यावर वाळवून पापड्या विकल्या आणि एकुलता एक मुलगा वाढवला. एल्पिडियो. सगळं गाव त्याला पिडो म्हणायचं. पोरगं भारी द्वाड. लहानपणी नारळ सोलायच्या पहारेवर तोंड आपटून घेतलं आणि वरच्या दातांतला डावीकडचा सुळा अर्धा तोडून आलं. रक्तानं माखलेल्या त्या तोंडात सोसिंगनं पेरूचा चघळलेला पाला कोंबला होता. मोठा झाल्यावर पिडो त्या तुटक्या दाताच्या फटीत सिगारेट अडकवायचा आणि हात मोकळे ठेवून जाळं ओढायचा. मेर्ली म्हणे त्या दातावरच भाळली.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ईशान्येचा वारा सुटला होता तरी पिडो उलांडीची होडी घेऊन बाहेर पडला. अंगात निळं बास्केटबॉलचं बनियन होतं. परत आला नाही. होडी नाही, वल्हं नाही, काही नाही.

मेर्लीला तेव्हा दिवस गेले होते. त्या धक्क्यानं ते मूलही गेलं आणि ती अंथरुणाला खिळली. सोसिंग मात्र रडली नाही. गावदेवीसारखी ताठ उभी राहून तिनं डोंगरावरच्या क्रुसाकडे बघून बोलून टाकलं, "पिडो परत येईपर्यंत दर गुड फ्रायडेला मी फेरी करीन." बोलून टाकायला काय जातं! पण बोललं की बोललं.

त्याच वर्षीची पहिली फेरी. बेटाच्या दक्षिण अंगाला लिबुंग नावाचं गाव आहे. तिथं रस्ता समुद्राला अगदी चिकटून जातो. सोसिंग तिथवर आली तेव्हा खाली वाळूवर माणसं जमली होती. त्यातला एक धावत वर आला. इस्तोय त्याचं नाव, गावची दफनभूमी तो सांभाळायचा.

"नांग, कुठल्या गावची तू?"

सोसिंगनं गाव सांगितलं.

"तुमच्याकडचा एक पोरगा हरवलाय ना? खाली ये एकदा. समुद्रानं एक आणून टाकलाय. तोंड ओळखू येत नाही, माशांनी काही ठेवलं नाही. पण अंगात निळं बनियन आहे. आईला कळेल."

सोसिंगचा एक पाय तर रस्त्याच्या कडेला गेलासुद्धा होता. मग तिनं तो मागं घेतला. खाली जाऊन पाहिलं आणि तो पिडो नसला, तरी मढं पाहिलं म्हणून नवस मोडला, म्हणजे पिडोला तिनंच मारलं. आणि पिडो असला तर?

"माझा नाही तो," ती म्हणाली.

"अगं, न बघताच?"

"सांगितलं ना, माझा नाही! निळी बनियनं काय एकट्या माझ्या पोरानं घेतलीत?"

आणि ती चालायला लागली. इस्तोय रस्त्यात उभा राहून बघत राहिला. ऊन असं होतं की मढं ठेवणं शक्य नव्हतं. संध्याकाळच्या आत त्याला बिननावाचं पुरलं. मेर्ली अंथरुणातून उठून, कानावर पडलं म्हणून तिथं पोचली, तोवर मातीचा उंचवटा तेवढा होता आणि बनियन जाळून टाकलेलं. उकरा म्हणून ती फादरच्या पाया पडली. फादर म्हणाले, "त्याची आई म्हणते तो नाही. आईच्या शब्दापुढं मी कसा जाऊ?"

तेव्हापासून हे असं. सासू म्हणणार तो जिवंत आहे, आणि ती म्हणते तोवर त्याच्या नावानं नऊ दिवसांची प्रार्थना बसवायची नाही, काळे कपडे नाहीत, मेणबत्ती नाही. नवरा मेला नाही तर बायको विधवा नाही, आणि विधवा नाही तर तिला दुसरं लग्न नाही. मेर्लीचं वय निघून चाललं. बाजारात मोटरेला, म्हणजे आमच्याकडची तीनचाकी, चालवणारा गोदो तिच्यासाठी थांबला होता. भला माणूस, पण त्यालाही मर्यादा. यंदा तो भावाकडे समुद्रापलीकडं मिंदानाओला कायमचा जायचं म्हणत होता. "येणार असशील तर ईस्टरनंतर सांग," एवढंच बोलला. बायका पाण्याच्या नळावर कुजबुजायच्या, "एकीनं पोरगा सोडला वाळूवर, आणि दुसरीला बांधलंय खुंट्याला." सोसिंगच्या कानावर ते जायचं. ती बादली भरायची आणि चालू पडायची.

वाईट होती का सोसिंग? मला विचाराल तर नाही. मेर्लीच्या आजारपणात तिनंच तिची घाण काढली. चांगला मासा मेर्लीच्या ताटात, शेपटी स्वतःच्या. पण पिडोचं नाव निघालं की तोंडाला कुलूप. रोज रात्री एक ताट झाकून ठेवायची आणि सकाळी कोंबड्यांना घालायची. मेर्ली ते बघायची आणि भांडी आपटायची.

तर यंदा काळा अंगठा घेऊन ती निघाली आणि मेर्लीही बरोबर निघाली. सोसिंगला नवल वाटलं.

"तू कशाला?"

"तू वाटेत पडलीस तर उचलायला कोण? तुझा पिडो?"

सोसिंगनं काठी उचलली.

पहिल्या दिवशी बोनबोनपर्यंत बरं गेलं. तिथं ज्वालामुखीच्या उतारावर क्रुसाची वाट आहे, येशूच्या दुःखाची चौदा स्थानं वाटेवर, सगळे चढतात. दोघी चढल्या. पहिल्या स्थानाशी सोसिंग काठीवर भार देत होती, शेवटच्या स्थानाशी मेर्लीच्या खांद्यावर. खाली समुद्रात बुडालेल्या दफनभूमीवरचा मोठा क्रूस दिसतो, होड्यांतून माणसं तिथं फुलं सोडतात. सोसिंगनं दरवर्षीसारखी मान फिरवली. मेर्ली मुद्दाम तिकडंच बघत उभी राहिली.

रात्र त्यांनी कातार्मानच्या चॅपेलच्या ओसरीवर काढली. सकाळी कुणी बाईनं दोघींना बिनिग्नित आणून दिलं, नारळाच्या दुधात रताळी आणि केळी शिजवलेलं, गरम. सोसिंगला जेवण जाईना. अंगात ताप होता. तरी ती उठली आणि सागाई गाव मागं टाकून पुढं निघाली. ऊन वर चढलं तसं तिच्या पायाचं फडकं ओलं दिसायला लागलं, आणि माशा मागं लागल्या. बाजूनं तरुण पोरं मोबाइलवर गाणी लावून चालत होती. त्यांतला एक नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काय मेलंय इथं?"

"तुझी अक्कल," मेर्ली कडाडली. पोरं पुढं पळाली.

लिबुंगच्या दफनभूमीसमोर एक बदामाचं झाड आहे, तिथं सोसिंग मटकन बसली. मेर्लीनं तिचा पाय मांडीवर घेतला आणि फडकं सोडलं. अंगठाच नव्हे, शेजारची दोन बोटंही गेली होती. वर घोट्यापर्यंत लाल रेघ चढलेली. सासूला नानाय, म्हणजे आई, म्हणणाऱ्या मेर्लीचा बांधच फुटला.

"नानाय, तू मरशील. ईस्टरपर्यंतसुद्धा टिकायची नाहीस. मर! तुला मरायचंय तर मर. पण मग काय होईल ठाऊक आहे ना? ही फेरी माझ्या गळ्यात पडेल. दर गुड फ्रायडेला मी चालायचं, केस पांढरे होईपर्यंत. तो परत येईपर्यंत! आणि तो येणार कुठून? तो तिथं आहे. तिथं, त्या भिंतीमागं! तू त्याला वाळूवर टाकून निघून आलीस, आणि आता मला त्याच्यासाठी चालायला लावणार?"

सोसिंग तिच्याकडं बघत राहिली. मेर्लीच्या कपाळावर केसांची एक बट पांढरी झाली होती. ती कधी झाली हे सोसिंगला आठवेना. रोज समोर वावरणारी पोर, हिच्या हातचं जेवले, आणि ही बट दिसली नाही? तिला एकदम लाज वाटली. अशी लाज की पायाची कळसुद्धा विसरली.

"मला नाही घालायचं तुझ्या गळ्यात काही," ती हळू म्हणाली.

"मग?"

"उठव मला."

मेर्लीला वाटलं, ही आता पुढं चालायला लागणार. उठवल्यावर सोसिंग रस्त्याकडे वळलीच नाही. ती दफनभूमीच्या फाटकाकडं वळली. फाटकात पाऊल टाकताना तिनं क्रुसाची खूण केली, आणि डोळे उघडे ठेवले. नवस तिथं मोडला. आभाळ कोसळलं नाही, काही नाही. एक कुत्रं उठून दुसऱ्या सावलीत जाऊन बसलं.

इस्तोय म्हातारा झाला होता. भिंतीला चुना लावत होता. त्यानं तिला लगेच ओळखलं आणि हातातला ब्रश बादलीत सोडला.

"आलीस," तो म्हणाला.

"माझा मुलगा कुठंय?" सोसिंगनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं ते तोंडातून काढलं. मेर्लीनं तोंडावर हात दाबला.

इस्तोय जागचा हलेना. "नांग, मी मागच्या वर्षी रस्त्यावर तुला गाठून सांगितलं होतं की नाही? जागा कमी पडतेय, ज्यांना कुणी नाही त्यांची माती आता मोकळी करायची आहे, तुझं कुणी असेल तर बोल. तू काय म्हणालीस?"

सोसिंगनं मान खाली घातली.

"काय म्हणाली ही?" मेर्लीनं विचारलं.

"म्हणाली, मला काय विचारता? माझा मुलगा जिवंत आहे."

मेर्ली सासूकडं वळली. मारतेच की काय असं इस्तोयला वाटलं. पण तिनं हात खाली सोडला आणि एवढंच विचारलं, "मागच्या वर्षी? आणि मला सांगितलंही नाहीस?"

"नाही सांगितलं," सोसिंग म्हणाली.

मागच्या भिंतीआड सिमेंटचा एक उघडा हौद होता. बिनवारशी हाडं सगळी त्यात. कुणाची कुठली, कोण सांगणार? पावसानं धुतलेली, काही पिवळी, काही शेवाळलेली. मांड्यांची हाडं एकावर एक पडलेली, कवट्या मधूनमधून. इस्तोय म्हणाला, "त्याला काढलं तेव्हा अजून चार-पाच काढले. सगळे इथंच. मी खूण ठेवायला हवी होती. पण आईच नाही म्हणाली, तर मी कुणासाठी खूण ठेवू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं, निदान सोसिंगला कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

"दात," मेर्ली म्हणाली. "नानाय, दात!" आणि ती हौदात उतरली.

दोघींनी शोधायला घेतलं. सोसिंग काठावर बसलेली, पाय सरळ पसरून. मेर्ली खालून एकेक कवटी उचलायची, बोटानं माती पुसायची, दात बघायची आणि वर द्यायची. सोसिंग बघायची आणि गवतावर ठेवायची. कुणाचे दात सगळे पडलेले. कुणाचा जबडाच नाही. एक तर लहान लेकराची होती. सोसिंगनं ती झग्याच्या टोकानं पुसली आणि जरा बाजूला ठेवली. रस्त्यावरून फेरीवाल्यांच्या रोझरीचा आवाज येत होता, मधूनच कुणाचं तरी मोबाइलवरचं गाणं. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. पिडोचं काही मिळेना. सोसिंगचं अंग तापानं हलत होतं, आणि ती एकच वाक्य पुटपुटत होती, "एक पाय टाकला होता मी. एक पाय टाकलाच होता."

हौदात शेवटी शेवटी मेर्ली गुडघ्यांवर बसली होती. तिनं एक कवटी उचलली. बराच वेळ हातात धरली. मग वर बघितलं.

"नानाय, हा बघ."

सोसिंगनं हात पुढं केले. तरुण माणसाची कवटी होती, वरचे दात जवळजवळ सगळे जागेवर. त्यांत एक सुळा अर्धा तुटलेला.

"हाच आहे," मेर्ली म्हणाली. "तुटका दात. बघ ना. हाच पिडो आहे."

सोसिंगनं कवटी मांडीवर घेतली. अंगठा त्या दातावर फिरवला. दात उजवीकडचा होता.

ज्या तोंडात स्वतःच्या हातानं पाला कोंबला, त्याची बाजू आई विसरते होय? समोरासमोर बघताना मेर्लीचा गोंधळ झाला असेल. की तिनं सगळं बघून, कळूनच ती वर दिली? सोसिंगनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मातीनं माखलेलं, घामानं निथळणारं, आणि त्यावर ती पांढरी बट चिकटलेली. मेर्ली श्वास रोखून होती.

हौदात अजून कवट्या होत्या. अजून शोधता आलं असतं. पण नसता मिळाला, तर?

"हो," सोसिंग म्हणाली. "हाच माझा पिडो."

मेर्ली हौदाच्या कडेवर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडायला लागली. इतक्या वर्षांचं रडणं, थांबता थांबेना. सोसिंगनं डोक्यावरचा रुमाल सोडला, कवटी त्यात बांधली आणि गाठ घट्ट मारली. एकदा तिनं हौदात नजर टाकली, जे तळाशी उरलं होतं त्याच्याकडं. मग इस्तोयला म्हणाली, "नोंग दादा, बाकीच्यांना नीट ठेवा हं. नीट ठेवा."

इस्तोयनं मोटरेला बोलावून आणली. फेरीवाल्या बायका रस्त्यावरून बघत होत्या, की सोसिंग अर्ध्या फेरीतून गाडीत बसून उलटी चालली. गावात पोचल्यावर घंटा नव्हती, गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही. ईस्टर झाल्यावर फादरनी पिडोचं नाव घेतलं आणि नऊ दिवसांची प्रार्थना बसली. सोसिंगनं सगळ्या प्रार्थना म्हटल्या, सगळ्यांना पापड्या वाढल्या. रात्रीचं ताट झाकणं बंद केलं.

पाय गेला, गुडघ्याखालून. मेर्लीनं दवाखान्यात तिची सेवा केली, मग गोदोशी लग्न लावलं आणि मिंदानाओला गेली. बोटीवर चढताना ती सोसिंगच्या गळ्यात पडली. काही सांगायला तोंड उघडलं होतं तिनं, पण सोसिंगनं तिच्या ओठांवर हात ठेवला. "जा इंदाय, जा पोरी. बोट सुटेल."

आता सोसिंग दारात लाकडी बाकावर बसते. गुड फ्रायडेला पाण्याचा माठ जवळ ठेवते आणि फेरीवाल्यांना पाणी देते. मिंदानाओकडून, बोहोलकडून अनोळखी बायकाही येतात हल्ली. एखादी वयस्क बाई अनवाणी, एकटी दिसली, की सोसिंग तिला थांबवते, पेला पुढं करते आणि विचारते, कुणासाठी चालतेस? बहुतेक सांगतात नवऱ्यासाठी, नातवासाठी, घरासाठी. पण एखादी म्हणते, मुलासाठी, समुद्रावर गेला तो आलाच नाही.

मग सोसिंग तिचा हात धरते. लोक म्हणतात, म्हातारीला भ्रम झालाय, काहीबाही विचारते.

"बाई," ती विचारते, "तुझ्या पोराचा उजवीकडचा दात तुटका होता का गं?"